बाबांची चाकोरी

माझे बाबा गाडीतून उतरायचे ते हप्त्याहप्त्यानं. आधी दाराचा करकर आवाज, मग उजवा पाय खाली, मग बराच वेळ काहीच नाही. मग डावा पाय यायचा, आणि शेवटी दाराची वरची कड दोन्ही हातांनी धरून, कमरेत वाकलेले अख्खे बाबा. त्या दाराला धरून ते तसेच उभे राहायचे. माय पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यावर यायची, पण पुढं जायची नाही, कारण अशा वेळी त्यांना कोणी हात लावलेला खपत नसे. "थांब वं जरा, सरय होऊ दे मले," एवढंच ते दाराला सांगितल्यासारखं म्हणायचे. सरळ झाले की तोंडावर पाणी मारायचे, आणि काही झालंच नाही अशा थाटात विचारायचे, "काय रांधलं आज?" ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि अंबाडीची भाजी असली की निम्मं दुखणं तिथंच पळायचं, असं ते म्हणायचे. उरलेलं निम्मं मायच्या वाट्याला यायचं. धारणीहून आणलेलं मोहाच्या बियांचं तेल ती वाटीत कोमट करायची आणि बाबांना पालथं घालून पाठीत अंगठे रोवायची. त्या तेलाला एक उग्र, कडवट वास असतो. आमच्या घरातल्या चादरी, उशा, माझी पुस्तकंसुद्धा त्या वासाची होती, आणि शाळेत माझ्याशेजारी बसणारी पोरगी नाकाला रुमाल लावायची म्हणून मी तिच्याशी वर्षभर भांडले.

आमचं घर वलगावला, परतवाड्याच्या रस्त्याला लागून. बाबांची स्वतःची पिकअप होती, पण ती त्यांच्याकडे आली तेव्हाच म्हातारी झालेली. आधीच्या मालकानं तिच्यावर बरीच वर्षं काढली होती. अमरावतीच्या बाजारातून कांदे, किराणा, कधी पत्रे, कधी सिमेंट भरायचं आणि परतवाड्यावरून मेळघाटात शिरून धारणीला न्यायचं, हा त्यांचा धंदा. येताना टोपल्या, झाडू, हंगामात सीताफळं. तिकडचा रस्ता त्या वेळी कसा होता ते सांगून पटणार नाही, बाबा म्हणायचे, "रस्ता नोय तो, रस्त्याची आठवन हाये." पण गाडीवर त्यांचा जीव होता. हा माणूस घरात मुका, विहारात सगळ्यांच्या मागं बसणारा, आणि स्टेअरिंगवर बसला की राजा. गाणी काय म्हणायचे, माकडांशी काय बोलायचे. मला त्यांच्याबरोबर जायला मिळालं की मी वाटभर विचारत सुटायचे. घाटात कान काहून बंद होतात, डिझेलचा धूर काळाच काहून असतो, गिअर टाकताना ही रडते काहून. काहून म्हणजे का. गावात माझं सुजाता हे नाव कोणी घेतच नव्हतं, सगळ्यांची मी काहूनबाई. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि तिथं चांगली शहरी मराठी बोलू लागले, पण अजूनही एखादी गोष्ट कळली नाही की आतून 'काहून'च निघतं, 'का' निघत नाही.

मी शाळेत शिकत होते तेव्हा एका वर्षी बाबांचं दुखणं फारच वाढलं, तेव्हा अकोल्याहून सुदाममामा आला. सुदाममामा मायचा धाकटा भाऊ, एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम. तो आम्हाला तिघांनाही अकोल्याला घेऊन गेला आणि तिथल्या हाडांच्या डॉक्टरांपुढं बसवलं. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून नुकतेच आलेले. त्यांनी प्रेमानं विचारलं, "काय होतंय काका?"

"कय निंगते," बाबा म्हणाले.

"हो, पण काय निघतं?"

"कय."

"अहो, तेच विचारतोय मी. काय?"

"मी बी तेच सांगून राहिलो साह्येब. कय."

डॉक्टरांनी मामाकडं बघितलं, मामानं पंख्याकडं. शेवटी मीच तोंड उघडलं. "कळ, सर. पाठीत कळ निघते. आमच्याकडं ळ चा य होतो." डॉक्टर मनापासून हसले, मीही हसले, बाबा हसले नाहीत. आजाराच्या आधी आपली भाषा तपासून घ्यावी लागली याचा त्यांना राग आला होता. मग डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला, मणके दाखवले, इथली जागा कमी झालीय म्हणाले, आणि सहज एक प्रश्न केला, "गाडीत बसता कसे?"

"बसतेत तसाच. बुडावर," बाबा फुगून म्हणाले.

डॉक्टरांनी काही महिने तरी गाडी बंद ठेवायला सांगितलं, पुढचं पुढं बघू म्हणाले. मामा आणि माय यांनी त्यातलं 'गाडी बंद' एवढंच ऐकलं. मी मात्र त्या प्रश्नातच अडकून पडले. खरंच, बाबा बसतात कसे? इतकी वर्षं बापाला बसलेलं पाहत होते आणि मला उत्तर येत नव्हतं.

मामानं येतानाच बेत ठरवून ठेवला होता. जिनिंगच्या फाटकावर चौकीदाराची जागा होती. "भाऊजी, खुर्ची हाये, पंखा हाये. आल्या गाडीले फाटक उघडाचं अन् गेल्या गाडीले लावाचं. अजून काय पाह्यजे?" बाबा परतीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. मूर्तिजापूर गेल्यावर माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "लोकायच्या गाड्या मोजत बसू का मी आता?" त्या आवाजात बाबा कधी बोललेच नव्हते. पण मायनं मनाशी निर्णय घेतला होता आणि मायचा निर्णय म्हणजे दगडावरची रेघ. दर दसऱ्याला आमच्या गावाकडून दीक्षाभूमीवर भोजनदान असायचं, आणि त्याच्या स्वयंपाकाच्या मोठाल्या डेगी, पिठाची पोती, वांगी, शेगड्या नागपूरला न्यायचं काम बाबांच्या गाडीचं. "यंदा तेवढं करा अजी," माय म्हणाली. "दसऱ्याले डेगी पोचवा, अन् मंग गाडी देऊन टाका. सुदाम येईनच तिथं, त्याले काय ते सांगून टाकजा." बाबांनी मान हलवली. आमच्याकडं मान हलवली म्हणजे झालं.

मी बाबांना म्हटलं, आधी सीट तर सुधारून पाहू. बाबांचे डोळे चमकले, आणि ते जे म्हणाले ते फक्त वऱ्हाडातलाच माणूस म्हणू शकतो. "कापूस भरू." आम्हाला कशावरही कापूस सुचतो. कान दुखला, कापूस. पाहुणा आला, कापसाची गादी. पोरीचं लग्न ठरलं, आधी कापसाचा भाव विचारतील. तर रहीमचाचा पिंजारी आले, आमच्या अंगणात त्यांची ती मोठी धनुष्यासारखी पिंजण टांगली, आणि दिवसभर तुंग-तुंग-तुंग असा आवाज घरात घुमत राहिला. कापूस असा फुलला की आमचं मांजर त्यात हरवलं. रहीमचाचांनी सीटची जुनी रेक्झिन तशीच ठेवून वरून जाड गादी शिवून दिली, वर निळ्या फुलांचं कापड. गल्लीतली माणसं येऊन त्या सीटवर बसून गेली. एक म्हातारी तर उतरायलाच तयार नव्हती. बाबा बसले तर त्यांचं डोकं टपाला लागलं, पण खुशीत होते. दुसऱ्या दिवशी धारणीला गेले, आणि परत आले ते नेहमीपेक्षाही जास्त हप्त्यांत उतरले. माय तांब्या घेऊन उभीच.

"काय झालं जी?"

"परतवाड्यापर्यंत मी स्टेरिंगच्या वर होतो," बाबा दार धरून म्हणाले. "हरिसालले स्टेरिंग माह्या वर होतं."

कापूस दबून त्याच्या गाठी झाल्या होत्या. रहीमचाचांना बोलावलं तर त्यांनी गादी दाबून पाहिली आणि मान हलवली. "गादी सोनेवाले की चीज है, भाऊ. बैठनेवाला रुई का दम घोट देता है." मग अमरावतीच्या एका सीटवाल्यानं कापसाखाली फोम घातला. त्यानं चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता माझ्या गाडीत सीटच्या बाजूला एक बटण आहे, दाबलं की पाठीशी काहीतरी हळूच पुढं येतं आणि कमरेला टेकतं. मुलानं ते मला कौतुकानं दाखवलं. मी ते दाबून दाबून पाहत बसले, शेवटी तो म्हणाला, आई, बॅटरी उतरेल.

पुढचं सुचलं ते पावसात. पोळा होऊन गेला होता, रान चिकट झालं होतं. आमच्याकडची काळी माती भिजली की माणसाला चालू देत नाही, चपलेसकट धरून ठेवते. एका शेतातून भाजी भरून आम्ही कच्च्या वाटेनं निघालो आणि बाबांनी थोड्या अंतरावर गाडी थांबवली. उतरले, दार धरलं, सरळ झाले आणि मागं जाऊन चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या बघायला लागले. चाकोरी म्हणजे चाकानं पाडलेला चर. हे ते नेहमी करायचे.

"काय पायता बाबा?"

"माल पायतो. डाव्या अंगाची चाकोरी खोल हाये, म्हंजे माल डाव्या अंगाले जास्त पडला. माती खोटं बोलत नाई."

त्यांनी दोन पोती इकडची तिकडं केली आणि आम्ही निघालो. मी मात्र वाटभर गप्प. बाबांनी दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. घरी आल्यावर मी मायला म्हटलं, "मले बाबांची चाकोरी पाह्याची हाये."

शेतातली काळी माती आणली, खडे वेचून काढले, कुटार, म्हणजे भुसा, घालून ती भिंत सारवायला मळतात तशी मळली. एक थर अंगणात पाटावर थापला. दुसरा गाडीच्या सीटवर. सीटवरून आधी कापूस, फोम सगळं काढलं, जुन्या रेक्झिनवर खताच्या पोत्यातली प्लॅस्टिकची पन्नी अंथरली, आणि त्यावर जाड थर देऊन वरून फळी फिरवून सारखा केला. माय कमरेवर हात ठेवून बघत होती. "जित्या मानसाले मातीत बसवते का कोनी?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज फिरला. मला वाटतं, तिला खरंच भीती वाटली. पण बाबा तयार झाले. माझी खोड कुठून आली होती ते मला तेव्हा कळलं. या माणसालाही जाणून घ्यायचं होतं. जुनं धोतर गुंडाळून ते आधी पाटावर बसले, तोंडानं भुर्र आवाज काढून खोटं स्टेअरिंग फिरवलं आणि उठले. मग गाडीत बसले, खरं स्टेअरिंग धरलं, क्लच दाबला, ब्रेक दाबला, धारणीची दोन-तीन वाकडी वळणं घेतली. भिंतीवरून शेजारपाजार बघत होता. मी लाजले नाही, बाबाही नाही.

दोन्ही थर उन्हात सुकू दिले. काळी माती सुकताना आवळते, भेगा पडतात, पण आकार सोडत नाही. गाडीतली माती मी आणि मायनं पन्नीसकट उचलून ओसरीवर आणली आणि पाटाशेजारी ठेवली, तर ती डुगडुगायला लागली. बाबा दोन्हींच्या पुढं उकिडवे बसले. हे वाचणं त्यांचं काम होतं. पाटावरच्या मातीत दोन्हीकडं सारखे दोन खड्डे. गाडीतल्या मातीत उजवा खड्डा असा खोल की तळ जवळजवळ फाटलेला, आणि खालून त्याच बाजूला मातीला मोठं पोट सुटलेलं. बाबांनी त्या पोटावर हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"पाटावर बसलो तं माल बरोबर हाये," ते म्हणाले. "गाडीत बसलो तं सारा माल उजव्या अंगाले."

"मंग माल वाकडा नाई बाबा."

"नाई," बाबा म्हणाले. "गाडी वाकडी हाये."

मायच्या हाताला तेलाचा वास होताच, त्याच हातानं तिनं तोंड झाकलं आणि हसायला लागली, की रडायला, ते मला तेव्हा ओळखू आलं नाही. "आवं माय. वरीसभर मी मानसाले तेल चोळून राहिली, अन् दुखनं सीटले होतं."

सीट उलटी करून जुनी रेक्झिन उसवली तेव्हा आतला कारभार दिसला. दाराकडच्या बाजूच्या स्प्रिंगा आकड्यातून निखळल्या होत्या आणि आधीच्या मालकानं तिथं गोणपाटाची घडी कोंबली होती. ती कुजून बसली होती. खालचा लोखंडी अँगलही त्या बाजूला वाकलेला. आम्ही वरून कापूस भरा, फोम भरा, सगळं त्या खड्ड्यातच जात होतं, आणि बाबा दिवसभर एका बाजूला कलून कमरेनं तोल सांभाळत होते. त्यांना स्वतःला ते जाणवतही नव्हतं, कारण खड्डा एका दिवसात पडला नव्हता. अँगल अमरावतीत सरळ करून घेतला. त्या मापाच्या स्प्रिंगा काही मिळाल्या नाहीत. तेव्हा माय आत गेली आणि खाटेसाठी आणून ठेवलेली नवार घेऊन आली. नवार म्हणजे खाट विणायची रुंद सुती पट्टी. बाबा म्हणाले, "खाटेची पट्टी गाडीत? लोक हासतीन."

"हासू द्या," माय म्हणाली. "खाटेवर तुमची पाठ दुखत नाई, हे पाह्यलं ना मी." तिनं ती फ्रेम पायानं दाबून धरली आणि उभी-आडवी नवार अशी ताणून विणली की बोटानं वाजवली तर टणटण वाजायची. त्यावर काथ्या, आणि वर रहीमचाचांच्या कापसाचा पातळसा थर, बैठकीपुरता. कापूस पूर्ण सोडायला आम्ही तयार नव्हतोच.

एवढं झालं तरी पाठीमागं कमरेशी एक पोकळी राहत होती. मी उशी लावून पाहिली, ती घसरायची. मग मायनं खुंटीवरची आपली चुंबळ काढली. शेतात डोक्यावर भारा आणताना ती लुगड्याची जी गोल गुंडाळी भाऱ्याखाली ठेवायची, तीच. तिनं ती बाबांच्या कमरेमागं सरकवली. बाबा कुरकुरले, रुततेय म्हणाले. "माह्या डोक्यानं इतके भारे पेलले हिच्यावर, तुमच्या कमरेले काय धाड भरली?" माय म्हणाली. चुंबळ तिथंच राहिली. सध्या ती माझ्याकडं आहे, त्या बटणवाल्या सीटच्या पाठीशी. बटण मी आता दाबत नाही.

हे सगळं होईस्तोवर दसरा तोंडावर आला. मायनं आपला शब्द मागं घेतला नव्हता. सीट सुधारली म्हणून पाठ सुधारेल, याची खात्री कोणालाच नव्हती, मलाही नाही. नागपूरला निघालो ते सकाळी. मागं डेगी एकमेकींवर आदळत होत्या, पुढं बोनेटवर निळा झेंडा, आणि आत आम्ही तिघं. माय डब्यात डाळीचे फुणके आणि ठेचा घेऊन बसली होती. बाबा गाणं म्हणत नव्हते. तळेगावला चहाला थांबलो, तेव्हा मी आणि माय उतरलो. बाबा उतरले नाहीत. "इथंच दे आनून," ते खिडकीतून म्हणाले. मायनं माझ्याकडं बघितलं. उतरायची वेळ त्यांनी पुढं ढकलली आहे, हे दोघींनाही कळलं. त्यांनी स्टेअरिंगवर बशी टेकवून चहा प्यायला आणि बशी परत देताना माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. कोंढाळी गेलं, बाजारगाव गेलं, माय हातातल्या डब्याची कडी उघडत-लावत राहिली. तिला आवाज करू नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दीक्षाभूमीच्या वाटेवर पांढऱ्या कपड्यांची माणसं नदीसारखी चालली होती. आमच्या गावाच्या मांडवाशी गाडी लावली तर सुदाममामा तिथं उभाच. जिनिंगच्या साहेबाला उद्या उत्तर द्यायचं होतं त्याला. माय डाव्या दारानं उतरून, गाडीला वळसा घालून, सवयीनं तांब्या भरून उजव्या दाराशी येऊन थांबली. मी तिच्या मागं. दार करकरलं. उजवा पाय खाली आला, त्याच्यामागं डावा, आणि बाबा चालायला लागले. डेगींचा दोर कुठं सैल झालाय ते बघायला गाडीच्या मागं निघून गेले. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. दोराची गाठ सोडता सोडता ते मध्येच थांबले, आपल्या दोन्ही रिकाम्या हातांकडं बघितलं, मग आमच्याकडं.

मामा घसा खाकरून म्हणाला, "मंग काय भाऊजी, साह्येबाले सांगू का, येतेत म्हनून?"

"सांग ना," बाबा म्हणाले. "येतो म्हन. पन कापसाच्या गठानी न्याच्या असतीन तं गाडी घेऊन येतो. फाटक तूच उघडजो."

मांडवातली माणसं हसली, मामाही हसला, आणि सगळे मिळून डेगी उतरवायला लागले. मी तांब्या घ्यायला वळले. माय पिकअपच्या उघड्या राहिलेल्या दाराशी उभी होती, आमच्याकडं पाठ करून, दाराची वरची कड दोन्ही हातांनी धरून, वाकून. तिच्या वाट्याचं निम्मं दुखणं आता कुठं उतरत होतं. तिला सरळ व्हायला जरा वेळ लागला.